दोनशे ग्रामचा भागाकार

या वयात कुणी आत्मकथन लिहितं का, असं आमच्या समितीतल्याच दोघातिघांनी मला विचारून झालं आहे. तिशीही न गाठलेल्या बाईनं जुन्या आठवणी काढून बसावं हे त्यांना आगाऊपणाचं वाटतं. वाटू द्या. माझी आजवरची सगळी उमर पर्चे लिहिण्यात गेली. पत्रकाला आमच्या भिलाईत पर्चाच म्हणतात, मराठी घरातसुद्धा. एक कागद, दोन बाजू, वर मथळा आणि खाली मागण्या. पर्च्यात मागण्या मावतात, माणसं मावत नाहीत. माझी आई आजवर कुठल्याच पर्च्यात मावली नाही, म्हणून हे प्रकरण लांबणार आहे. आणि यात एक भागाकार आहे, तोही सांगणार आहे. गणित आलं की पान उलटायची ज्यांना सवय आहे, त्यांच्यासाठीच खरं तर तो सांगायचा आहे.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, कापगते. बाबा पोलादाच्या प्लांटात क्रेन चालवायचे. माझं लहानपण सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये गेलं. तिथं भिंतींना दर काही वर्षांनी तोच पिवळा रंग लागायचा आणि पाळी बदलली की सगळ्या रस्त्यावर एकदम स्कूटर सुरू व्हायच्या. मी आठवीत असताना बाबांनी भिलाईच्याच कडेला, जुनवानीला घर बांधलं. नकाशा काढायला आलेल्या माणसानं आईला विचारलं, भाभीजी, किचन कैसा चाहिए? आई म्हणाली, किचन कसंही चालेल, गच्ची पूर्ण पाहिजे, तिच्यावर टाकी मधोमध ठेवू नका. आईला गच्ची का हवी होती हे ज्यांनी विदर्भातला उन्हाळा बघितला आहे त्यांना सांगावं लागणार नाही. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या घरी उन्हाळा म्हणजे सुट्टी नव्हती, कारखाना होता. गहू भिजत पडायचे, त्यांचा आंबूस वास सगळ्या घरात भरायचा, मग वाटून चीक काढायचा, तो मोठ्या गंजात शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यानं कुरड्या पाडायच्या. सोऱ्याचा तो कुईं-कुईं आवाज पहाटेपासून सुरू. लाखोरीच्या डाळीच्या वड्या, सरगुंडे, ज्वारीचे पापड. शेजारच्या दुलारी काकी, त्या इकडच्याच, उतई गावच्या, त्यांची बिजौरी, म्हणजे तीळ घातलेली उडदाची वडी, आमच्याच गच्चीवर वाळायची, कारण त्यांच्या घरावर पत्रा होता. आई त्यांच्याशी मराठीत बोलायची, त्या आईशी छत्तीसगढीत, आणि दोघींचं कधी अडलेलं मी पाहिलं नाही.

त्या गच्चीवर काळी धूळ पडायची.

आमच्या मागं शेतं संपतात तिथं स्पंज आयर्नचा, म्हणजे कच्चं लोखंड करणारा, एक खासगी कारखाना आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं की वकील येतात, आणि मला इथं आईबद्दल लिहायचं आहे, वकिलांबद्दल नाही. त्याची भट्टी सुरू झाली आणि आमच्या गच्चीचा रंग बदलला. अनवाणी चाललं की तळपाय काळे. दोरीवरचे बाबांचे बनियन झटकून घ्यायचे, तरी काखेत रेघ राहायची. कुरड्यांवर आई पातळ लुगडं पसरायची, पण चीक ओला असतो, धूळ धरून ठेवतो. एका वर्षी तिनं नेहमीसारखा डबा भरून गोंदियाला मावशीकडं पाठवला, मावशीच्या मुलीचं लग्न होतं. मावशीचा फोन आला. ती हसत म्हणाली, “कावून वं, पिठात राख कालवली का तू?” आईही हसली. फोन ठेवला आणि उरलेल्या सगळ्या कुरड्या गायीला घातल्या. त्या वर्षानंतर आमच्या घरचा डबा कुणाकडंच गेला नाही. हे वाचून कुणाला वाटेल, एवढंसं. माझ्या आईच्या हातची कुरडई तळल्यावर ताटाएवढी फुलायची आणि चार गावांत तिचं नाव होतं. ते नाव एका धुराड्यानं बुडवलं. मला त्या वयात राग यायला एवढं पुरेसं होतं, आणि आजही पुरतं.

त्याच रागानं मी त्या धुळीविरुद्ध लढणाऱ्या विकास भैयाच्या समितीत गेले. विकास भैया म्हणजे आमच्याच गल्लीतला, पॉलिटेक्निक करून नोकरी न घेतलेला, चष्मेवाला, आवाज खणखणीत. त्याच्या घराच्या शटरवाल्या खोलीत समिती भरायची. मी अकरावीत होते. पर्चा कसा लिहायचा हे मला त्यानं शिकवलं आणि चांगलं शिकवलं, त्याचं श्रेय मी कधी नाकारणार नाही. वाक्य छोटं ठेव. क्रियापद लपवू नकोस. “प्रदूषण हो रहा है” नको, “कारखाना धूल फेंकता है” लिही; जो करतो त्याचं नाव वाक्यात आलं पाहिजे. आणि सगळ्यात वर आकडा, मोठ्यात मोठा. बाबा जेवताना माझा पर्चा वाचायचे आणि एवढंच म्हणायचे, “बराच तिखट लिवून राहिली तू.” ती माझी पहिली समीक्षा.

मग कारखान्याला दुसरी भट्टी लावायची परवानगी हवी झाली. त्यासाठी जनसुनावणी जाहीर झाली. मोठे अधिकारी येणार, मांडव पडणार, ज्याला हरकत असेल त्यानं माइकवर येऊन सांगायचं. नियम तसा आहे. लोकांना वाटतं हे नाटक असतं, आणि बरेचदा असतंच, पण माइकवर बोललेलं लिहून घ्यावं लागतं. समितीत ठरलं की आपल्याकडून बाई बोलेल, नेता नाही. आणि दुलारी काकींनी सगळ्यांच्या आधी माझ्या आईचं नाव घेतलं.

आईनं लगेच नाही म्हटलं. कारण मला माहीत होतं. तिची हिंदी मराठीच्या चालीवर चालायची. एकदा पाण्याच्या तक्रारीसाठी ती पालिकेच्या ऑफिसात गेली होती आणि मी सोबत होते. खिडकीतल्या बाबूनं तिचं वाक्य तिच्याच चालीवर म्हणून दाखवलं, आणि मागचे दोघे हसले. त्यानंतर ऑफिसची कामं बाबांकडं गेली. आता तिला शेदोनशे लोकांपुढं, कंपनीच्या सुटाबुटातल्या माणसांपुढं उभं राहायचं होतं. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “बोलतो मी. पन मले कागद लिवून दे. अन् त्यात असं काही नोको घालू का ज्याच्यावर कोनी हसन.” आमच्याकडं बायका स्वतःबद्दलही ‘बोलतो, जातो’ म्हणतात. मी हो म्हटलं. एवढाच शब्द मी तिला दिला होता: कुणी हसणार नाही.

पर्चा विकास भैयानं स्वतः लिहिला, कारण हा मोठा पर्चा होता. कंपनीनं परवानगीसाठी दिलेला जाडजूड अहवाल त्यानं मिळवला होता आणि त्यातून दोन आकडे काढले होते. एका पानावर होतं की आत्ताच्या भट्टीमुळं आसपासच्या वस्तीत वर्षाला किती धूळ खाली बसते: सहा गुणिले दहाचा आठवा घात, ग्राममध्ये. म्हणजे सहावर आठ शून्यं. कितीतरी पानं पुढं होतं की ही धूळ जिथं बसते ती वस्ती केवढी: तीन गुणिले दहाचा सहावा घात, चौरस मीटर. तीनवर सहा शून्यं. आता हे दोन आकडे एकाच ओळीत का नाही लिहिले? टनात का नाही लिहिलं, घरटी का नाही सांगितलं? माझं आजही म्हणणं आहे की घातांकात लिहिणं ही विज्ञानाची सोय आहे, पण त्या अहवालात ते कुलूप म्हणून वापरलं होतं. खोटं काही नव्हतं, फक्त कुणी भागाकार करू नये अशी सगळी व्यवस्था होती.

विकास भैयानं भागाकार केला. त्याच्या पॉलिटेक्निकच्या दिवसांतल्या कॅल्क्युलेटरवर केला आणि जे आलं ते पर्च्याच्या माथ्यावर छापून आणलं. मी गठ्ठा उघडला तेव्हा छापखान्याच्या शाईचा वास येत होता. पहिल्या ओळीत होतं, जुनवानीच्या प्रत्येक चौरस मीटरवर दर साल इतके ग्राम धूळ, आणि मग दोन आणि त्याच्यापुढं चौदा शून्यं, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, मालगाडीच्या डब्यांसारखी. सगळे खूश होते. कुणीतरी म्हणालं, इसको पढ़ के तो कलेक्टर की कुर्सी हिल जाएगी. मीही क्षणभर खूश झाले, मोठा आकडा बघून खूश व्हायचं मला तिथंच तर शिकवलं होतं.

पण आमच्या गच्चीवर एक परात होती.

ती आईनं ठेवली होती, समितीनं नाही. मावशीच्या फोननंतर तिनं मोठी पितळी परात गच्चीच्या मधोमध ठेवली, हवेनं धूळ उडू नये म्हणून तिच्यात बोटभर पाणी घातलं, आणि रोज उन्हानं आटलं की वरून घालत राहिली. महिना झाल्यावर पाणी आटू दिलं आणि तळाशी उरलं ते कुंकवाच्या ब्रशनं गोळा केलं. बाजारात सराफाकडं गेली, त्याच्या सोन्याच्या काट्यावर ते तोलून दे म्हणाली. सराफ आधी चाट पडला, मग त्यानं तोललं. चार ग्राम. चहाच्या चमच्यात मावेल एवढं. ती पुडी आई देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवून होती, का ते तिलाच माहीत. मी पर्चा घेऊन घरी आले, ती चौदा शून्यं बघितली, ती पुडी बघितली, आणि वही काढून बसले.

आमच्या शाळेत कॅल्क्युलेटरला बंदी होती. मला तेव्हा तो अन्याय वाटायचा, आता त्या बंदीला मी हात जोडते. घातांकांचा भागाकार आम्ही हातानंच करायचो आणि तो इतका सोपा आहे की कुणी भीती घातली नाही तर चौथीतलं पोर करेल. पुढचे आकडे वेगळे घ्या, दहाचे घात वेगळे घ्या. सहाला तिनानं भागलं की दोन. आणि वरच्या आठातून खालचे सहा वजा केले की दोन. दोन गुणिले दहाचा दुसरा घात. म्हणजे दोनशे. दोनशे ग्राम, एका चौरस मीटरवर, वर्षभरात. चौदा शून्यं नाहीत, दोन. भैयानं आठ आणि सहा वजा करायच्या ऐवजी त्यांची बेरीज कशी केली? तो असला चुकणारा माणूस नव्हता. मी डोकं धरून बसले आणि मग लक्षात आलं, त्यानं केलीच नाही, यंत्रानं केली. त्यानं सहा गुणिले दहाचा आठवा घात भागिले तीन गुणिले दहाचा सहावा घात, असं सरळ डावीकडून उजवीकडं दाबत नेलं. यंत्रानं सांगितलेलं ऐकलं. फक्त तिनानं भागलं, आणि नंतर ‘गुणिले’ आलं म्हणून दहाचा सहावा घात खाली ठेवायच्या ऐवजी वर चढवून टाकला. खालच्या संख्येला कंस घालायचा राहिला होता, बस. मग परातीवरही ताळा करून बघितला. परात साधारण पाव चौरस मीटरची. वर्षाचे दोनशे, तर परातीचे वर्षाचे पन्नास, आणि महिन्याचे चारच्या आसपास. पुडीत चार होते. मी आयुष्यात पुष्कळ मोर्चे पाहिले, पण आकडा आणि पुडी असे समोरासमोर येऊन जुळले तेव्हा अंगावर जसा काटा आला तसा घोषणेनं कधी आला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शटरवाल्या खोलीत गेले आणि भैयाला म्हटलं की आकडा चुकलाय. तो हसला. त्यानं परत कॅल्क्युलेटरवर दाबून दाखवलं, परत चौदा. मी म्हटलं, नीचे वाले को ब्रैकेट में डालो. त्यानं कंस घातले. पडद्यावर दोनशे आले. त्यानं चष्मा काढून पुसला.

“बस? दो सौ ग्राम?”

मी म्हटलं, हो.

“श्वेता, दो सौ ग्राम में तो पाव भर टमाटर भी नहीं आता. इस पे आंदोलन खड़ा करूँ मैं?”

मग तो समजावणीच्या सुरात आला. पर्चा डराने के लिए होता है. तिकडचे लोक काय खरं बोलतात का? आणि इतकी शून्यं मोजत बसणार आहे कोण? मी म्हटलं, ज्यांचा अहवाल आहे ते मोजतील. त्यांच्याकडं इंजिनियर आहेत. ते मोजतील आणि सांगतील की एका मीटरवर एवढे ग्राम म्हणजे वीस कोटी टन, म्हणजे आपल्या घरावर डोंगर. आणि त्या वेळी माइकवर तू नसशील, माझी आई असेल. तो म्हणाला, तर तिनं ती ओळ वाचू नये. मी म्हटलं, ती सगळ्यात वर छापली आहे. त्यावर तो चिडला आणि जे बोलला ते माझ्या आजही कानात आहे: “तू हमारी तरफ है या उनकी?” त्याचं उत्तर माझ्याकडं आज आहे. स्वतःच्या बाजूचा खोटा आकडा खोडतो तोच आपल्या बाजूचा असतो. बाकी सगळे टाळ्या वाजवायला आलेले. पण सोळा-सतराव्या वर्षी असं तयार वाक्य सुचत नाही. मी फक्त गठ्ठा उचलला आणि घरी आणला. त्यानं अडवलं नाही, हे त्याच्या बाजूनं नोंदवते.

आई स्वयंपाकघरात वांगी चिरत होती. मी सगळं सांगितलं आणि रडकुंडीला येऊन म्हटलं की खरा आकडा इतका लहान आहे की त्यावर कुणी हसणार नाही, पण कुणी ऐकणारही नाही. आईनं विळी आडवी केली. म्हणाली, “हे एका मीटरचं होय ना? मंग आपली गच्ची केवढी हाय?”

बाबा पलंगावर पडल्या पडल्या म्हणाले की शंभर मीटर असेल, घराच्या कागदावर आहे. दोनशे गुणिले शंभर. वीस हजार ग्राम. मी तोंडानं म्हटलं, वीस किलो. आई थांबली. मग हळूच म्हणाली, “वीस किलो तं आपल्याले महिनाभर तांदूळ लागते.” कुकरची शिट्टी झाली, ती कुणी मोजली नाही.

पर्चे परत छापायला पैसा नव्हता, म्हणून हातानं दुरुस्त करायचे ठरले. दुसऱ्या दुपारी गल्लीतल्या बायका आमच्या गच्चीवर जमल्या, टाकीच्या सावलीत. आईनं चहा आणि लाखोरीचे वडे केले होते, त्यामुळं पहिला अर्धा तास कामच झालं नाही. काळी स्केचपेन वाटली आणि मी म्हटलं, पहिली ओळ खोडा, खाली लिहा: हर छत पर साल का बीस किलो. इथं माझा पहिला जाहीर पराभव होता होता राहिला. दुलारी काकींनी पेन खाली ठेवलं. इतकी सुंदर शून्यं खोडायची का म्हणून. मी खडूनं गच्चीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, वर सहा आणि आठ शून्यं, मध्ये रेघ, खाली तीन आणि सहा शून्यं. म्हटलं, खालचं एक शून्य मारलं की वरचं एक मारायचं, जोडीजोडीनं. आणि मारायला लागले. काकी कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

“अतका शून्य काट देबे त बाचही का? तैं हमर कोती हस के कंपनी कोती?”

म्हणजे, एवढी शून्यं कापलीस तर उरेल काय, आणि तू आमच्या बाजूची की कंपनीच्या? दोन दिवसांत दुसऱ्यांदा तोच प्रश्न. सगळ्या हसल्या. पण या वेळी माझ्याकडं खडू होता. मी म्हटलं, काकी, खाली शून्यं आहेत ती आपल्या वस्तीची आहेत. धूळ एकाच ठिकाणी पडत नाही, सगळ्यांच्या वाट्याला येते, म्हणून वाटणी करताना तेवढी शून्यं वरून जातात. खालची सहाही संपली. वर सहा आणि दोन शून्यं उरली. सहाशे, तिघांत वाटा. काकींनी बोटांवर केलं आणि दोनशे म्हणाल्या. मग गच्चीचा गुणाकार आईनं सांगितला, तांदळाचं सांगितलं. काकी आपल्या पत्र्याकडं बघत राहिल्या. मग पेनचं टोपण दातानं काढलं आणि पहिली ओळ इतक्या जोरात खोडली की कागद फाटला. संध्याकाळपर्यंत सगळा गठ्ठा झाला. बोटं काळी, पर्चे काळे, पण आकडा स्वच्छ. मी त्यानंतर पुष्कळ पर्चे चांगल्या कागदावर, रंगीत छापलेले काढलेत. त्यातला एकही मला त्या खोडाखोडीच्या पर्च्याएवढा देखणा वाटत नाही.

सुनावणीच्या दिवशी बाबांनी पाळी बदलून घेतली. मांडवात कूलर लावले होते, पण ते सगळे व्यासपीठाकडं तोंड करून. कंपनीच्या बाजूला चारपाच जण बसले होते, त्यातला एक इंजिनियर, चांगला तरुण, समोर फाईल उघडून. आईनं निळी साडी नेसली होती. तिचा हात माझ्या हातात होता. विकास भैया मागं उभा होता. त्यानं येऊन आमच्या गठ्ठ्यातला एक पर्चा उचलला, वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

आणि मला जे भय होतं तेच झालं. आईचं नाव पुकारलं गेलं, ती माइककडं निघाली, आणि ती पोचायच्या आत कंपनीकडचा एक वयस्क माणूस उठला. त्याच्या हातात आमचाच पर्चा होता, न खोडलेला, छापखान्यातून कसा गेला देवाला माहीत. त्यानं अधिकाऱ्यांना सांगितलं की बोलण्याआधी यांचा अभ्यास बघा, आणि ती चौदा शून्यं एकेक करून वाचली. इतक्या धुळीत साहब, जुनवानी क्या, पूरा भिलाई दब जाता. मांडव हसला. आपली माणसंही हसली. आई माइकसमोर उभी होती आणि मी तिला दिलेला शब्द माझ्या डोळ्यांदेखत मोडला होता.

आईनं हसणं संपू दिलं. मग ती तिच्या हिंदीत म्हणाली, “वो कागज हम लोगों ने कल काट दिया, साहब. गलत था, इसलिए काटा. ये वाला पढ़ो.” आणि खोडलेला पर्चा पुढं केला. मग तिनं दोन आकडे सांगितले, अहवालाच्या कुठल्या पानावर कुठला ते सांगितलं, आणि म्हणाली की ही गोष्ट आमची नाही, तुमच्या कागदाची आहे, फक्त भाग द्यायचा राहिला होता. आमच्या छतावर साल का बीस किलो. माझ्या घरी महिन्याला वीस किलो तांदूळ शिजतो. दुसरी भट्टी आली की धूळ दोन महिन्यांच्या तांदळाएवढी होईल. तिची चाल तीच होती, मराठीची. कुणी हसलं नाही. वयस्क माणूस परत उठायला लागला तसं व्यासपीठावरच्या मुख्य अधिकाऱ्यांनी त्याला हातानं बसवलं आणि इंजिनियरला म्हणाले, आप कर के बताइए.

इंजिनियरनं फाईलची पानं उलटली. हे पान, ते पान. मोबाइल काढला. मी बघत होते, त्यानं कंस घातले. चांगल्या कॉलेजात शिकला असणार. मग त्यानं मोबाइलकडं बघितलं, शेजारच्याकडं बघितलं, आणि कुणीतरी त्याच्यापुढं दुसरा माइक धरला.

“दो सौ ही आता है, सर.”

निकाल बऱ्याच महिन्यांनी आला. दुसऱ्या भट्टीची फाईल परत पाठवली गेली. पहिलीच्या धुराड्यावरची धूळ पकडायची यंत्रणा दिवसरात्र चालू ठेवायचा आदेश निघाला. ती चालू राहते की नाही ते बघणं हे आज माझं काम आहे, आणि ती पुष्कळदा बंद असते, आणि मी पुष्कळदा भांडते. विकास भैया आता रायपूरला असतो. पर्चा छापायच्या आधी त्याचा फोन येतो, आकडा बघून दे म्हणून. हे सगळं खरं. पण मला विचाराल तर निकाल त्या मांडवातच लागला होता, इंजिनियरच्या त्या वाक्यानंतरच्या मिनिटात.

अधिकाऱ्यांनी लिहून घेणाऱ्या बाबूला सांगितलं की बाईंची हरकत नोंदवा. बाबूनं मान वर करून आईला विचारलं, माताजी, आकड़े के आगे किसका नाम लिखूँ? आईनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग कंपनीच्या रांगेकडं. माइक अजून तिच्या तोंडाशी होता.

“इन साहब का लिखो,” ती इंजिनियरकडं बोट करून म्हणाली. “मेरा नहीं. भाग इन्होंने दिया है.”